तिसऱ्या फेरीतला पंटर

मी, त्रिविक्रम शंकर आठल्ये, वय सत्तावन्न, व्यवसाय वार्ताहर, राहणार कूपर स्ट्रीट, पोर्ट ऑगस्टा, ओहायो, कोणाच्याही धाकाखाली वा भिडेखाली नसताना आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो, की आमच्या फुटबॉल संघाने परवा शुक्रवारी निवडीच्या तिसऱ्या फेरीत एक पंटर घेतला, हे मला मान्य नाही. माझ्या पश्चातही मान्य असणार नाही. मालमत्तेचे यानंतर पाहू.

आपल्याकडे पंटर म्हणजे कोणा दादाच्या मागेपुढे करणारा रिकामटेकडा. इकडच्या लंबगोल चेंडूच्या फुटबॉलमध्ये तो संघाचा पगारी खेळाडू असतो. तरी त्याच्याकडे पाहण्याची नजर साधारण तीच. पुढे सरकण्याचे तीन प्रयत्न फसले की त्याला आत बोलावतात. तो चेंडू आपल्या हद्दीपासून होईल तितका लांब लाथाडतो आणि पुन्हा बाकावर जाऊन बसतो. असा माणूस लागतो, नाही असे नाही. पण तो केव्हाही, कुठेही मिळतो. दर एप्रिलमध्ये विद्यापीठांतून बाहेर पडणारी ताजी मुले सगळे संघ आळीपाळीने वेचून घेतात, गेल्या हंगामात जो सर्वांत वाईट हरला त्याची पाळी आधी. या निवडीला इकडे ड्राफ्ट म्हणतात. त्या पंगतीत तिसऱ्या वाढीला पंटर मागणे म्हणजे जिलबी समोर आलेली असताना लिंबाची फोड मागण्यासारखे आहे. आमच्या संघाला, ज्याचे नाव फेरीमेन आणि ज्याला तळाशी राहण्याचा दांडगा सराव आहे, गरज होती ती डाव्या गार्डची. गार्ड हा चेंडू फेकणाऱ्याच्या पुढ्यात उभा राहून त्याच्यावरचे धक्के स्वतः खातो. त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. तो नसला की मात्र सगळ्या गावाला कळते.

‘पूर्ण शुद्धीवर’ या शब्दांना माझे मित्र व या कागदाचे साक्षीदार गस पापास यांनी हरकत घेतली होती, तीही नोंदवतो. गसची धक्क्यावर खानावळ आहे. तो म्हणाला, “ज्याने इतकी वर्षं या संघावर लिहिलं, त्याचं डोकं ठिकाणावर आहे असं मी शपथेवर कसं सांगू, प्रोफेसर? मला या गावात धंदा करायचाय.” वकीलबाई श्रीमती फ्लिन यांनी त्याला समजावले, की कायद्याला एवढेच हवे असते की माणसाला आपल्याजवळ काय आहे आणि आपली माणसे कोण हे कळत असावे. फेरीमेनचा विषय कायद्याच्या बाहेरचा आहे.

वकीलबाईंच्या कचेरीबद्दल आणखी थोडे. तिथल्या नव्या मुलीचा मला फोन आला, “आठल्येसाहेब, तुमच्या ड्राफ्टचं विचारायचं होतं.” मी सांगितले, “गुरुवारी सुरू होतो, आमची पाळी चौथी, आणि गार्ड घ्यायला हवा.” ती म्हणाली, “बरं, नोंद करते.” मृत्युपत्राचा मसुदा हाती आला तेव्हा समासात पेन्सिलीने खरोखरच लिहिलेले होते: ‘अशिलास गार्ड हवा.’ वकीलबाईंनी ते खोडले. मला ते त्या सबंध मसुद्यातले सर्वांत अचूक वाक्य वाटले होते.

येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप दुरुस्त करायची आहे. काम नेहमीचे आहे, काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणतात. आमच्या संघाचे महाव्यवस्थापक टर्नक्विस्टसाहेबही दर एप्रिलमध्ये हेच म्हणतात. म्हणून हा कागद करतो आहे. इंग्रजी प्रतीत यातले कंसातले आणि आडवाटेचे काही नाही. वकीलबाईंनी सगळे लाल शाईने कापले. ही मराठी प्रत माझी मुलगी ऋजुता हिच्यासाठी. ती इकडे सगळ्यांची रू आहे. तिला मराठी बोट ठेवून वाचता येते, म्हणून वाक्ये लहान ठेवण्याचा प्रयत्न करीन. सवय नाही.

कलम पहिले: माझी माणसे

माझी पत्नी डेनीस हुदाक चार वर्षांपूर्वी वारली. आम्हाला रू ही एकच मुलगी. ती मिनियापोलिसला पूल बांधते. डेनीसचा भाऊ रे फ्लोरिडात राहतो आणि लोकांच्या परसात पोहण्याचे तलाव खणतो. डेनीसचे वडील एमिल हुदाक, वय शहाऐंशी, ज्यांना मी आणि सगळे गाव पॉप म्हणतो, ते माझ्याजवळ राहतात. अधिक अचूक सांगायचे तर मी त्यांच्याजवळ राहतो. घर त्यांचे होते. मी ते विकत घेतले, पण ते त्यातून गेले नाहीत, आणि कोणाला तशी अपेक्षाही नव्हती. अलीकडे त्यांची आठवण जागेवर राहत नाही. जुने सगळे शाबूत आहे, नवे टिकत नाही.

हे मृत्युपत्र वरवर घराबद्दल आणि सामानाबद्दल असले, तरी ते लिहिण्याचे कारण एकच आहे: मी नसलो तर पॉपजवळ कोण राहील.

आमची पहिली भेट झाली ती अशी. मी संस्कृत घेऊन एम.ए. झालो आणि कारकांवर प्रबंध लिहायला या देशात आलो. शिष्यवृत्ती संपली, प्रबंध संपला नाही. या गावच्या वर्तमानपत्राने मला मृत्युवार्ता लिहायला ठेवले आणि फुटबॉलवर लिहिणारा गृहस्थ निवृत्त झाला तेव्हा तेही दिले; दोन्हींत सूर एकच लागतो असे संपादकांचे म्हणणे पडले. डेनीस तिथेच जाहिराती घेत असे. त्रिविक्रम हे नाव तिने पहिल्याच दिवशी छाटून ‘ट्रिक’ केले. एका रविवारी तिने मला जेवायला घरी नेले. पॉप शिडीवर चढून ओसरीचे गळके छप्पर पाहत होते. धक्क्यावर क्रेन चालवणारा माणूस. एकेक मनगट माझ्या पोटरीएवढे.

“हा काय करतो?” त्यांनी वरूनच विचारले.

“संस्कृत शिकलाय,” डेनीस म्हणाली.

“त्याने छप्पर बसतं का?”

“नाही, पॉप.”

ते खाली उतरले, माझे मनगट हातात घेऊन उलटसुलट पाहिले, आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “आपल्याला गरज गार्डची, आणि पोरीने पंटर आणला.”

तेव्हापासून या घरात माझी जागा पंटरची. छप्पर मी आजवर बसवू शकलेलो नाही. त्यासाठी माणूस बोलवावा लागतो, आणि तो येऊन गेला की पॉप त्याचे काम पुन्हा तपासतात.

कलम दुसरे: घर

कूपर स्ट्रीटवरील माझे राहते घर, मागील अंगण, अंगणातील बिनकामाचे नासपतीचे झाड व ओसरी, छपरासह, मी माझी मुलगी ऋजुता हिला देतो. मात्र पॉप हयात असेतोवर त्या घरात राहण्याचा त्यांचा हक्क अबाधित राहील. तोवर ते घर कोणालाही विकता, भाड्याने देता किंवा गहाण टाकता येणार नाही. खिडकीजवळची त्यांची खुर्चीही हलवता येणार नाही. तिथून धक्क्याला लागणारी फेरीबोट दिसते.

या कलमाने रूवर तिथे राहण्याचे बंधन येत नाही. हे वाक्य मी वकीलबाईंना मुद्दाम घालायला लावले. त्याबद्दल पुढे.

कलम तिसरे: बाकीचे सामान

बँकेतील शिल्लक रूची. त्यात वाद नाही. सामानाच्या वाटणीत कोणी रुसू नये म्हणून मी गावाला समजणारी एकमेव पद्धत वापरली: निवड. शुक्रवारी संध्याकाळी गसच्या खानावळीत आम्ही दरवर्षीप्रमाणे जमलो होतो. मी, पॉप, गस आणि आमच्या शेजारीणबाई जिनी कोवाच. जिनीबाई शाळेच्या ग्रंथालयात होत्या, आणि फेरीमेन कोणाला घेणार हे त्यांच्याइतके कोणी ओळखत नाही. त्या खेळाडू बघतच नाहीत, टर्नक्विस्ट काय चुकेल एवढेच बघतात. रू आणि रे फोनवर होते. फोन टोमॅटो सॉसच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. समोर तळलेला पर्च मासा, पडद्यावर दुसरी फेरी.

ज्याचे वर्ष सर्वांत वाईट गेले त्याने आधी निवडायचे. तिथेच वाद झाला.

“मग मीच पहिला,” रे म्हणाला. “दुसरा घटस्फोट झालाय माझा.”

“तो तू मागितलास,” जिनीबाई म्हणाल्या. “मागितलेलं धरत नाहीत. माझा खुबा बदलला. मी काही तो मागितला नव्हता.”

“पण नवा मिळाला ना? म्हणजे तुमचा संघ सुधारला,” गस म्हणाला. “माझ्या स्वयंपाकघरात आग लागली होती.”

“धूर झाला होता, गस.”

“आग म्हणजे आणखी काय असतं, बाई?”

रू म्हणाली, “वर्ष बाबाचं वाईट गेलंय. पहिली पाळी त्याची.”

मी सांगितले की स्वतःच्या मृत्युपत्रातून स्वतःला काही घेता येत नाही. व्याकरणात सांगायचे तर मृत्युपत्र हा सगळा चतुर्थीचा कारभार आहे, ज्याला द्यायचे त्याची विभक्ती. देणारा वाक्यात असतो तो केवळ क्रियापदापुरता. यावर गसने माझी बिअर उचलून बाजूला ठेवली.

शेवटी पहिली पाळी रेला दिली, कारण तो दूर होता आणि त्याचा आवाज मोठा होता. त्याने ती लगेच विकायला काढली.

“कोणाला हवी पहिली? मी खाली सरकतो. पुढच्या वेळच्या दोन पाळ्या द्या मला.”

“पुढची वेळ कुठली रे?” जिनीबाई म्हणाल्या. “माणूस एकदाच मरतो.”

रेचा हा जुना स्वभाव आहे. आजची गोष्ट देऊन पुढच्या वर्षाची घेणे. नाताळला पुढच्या वर्षी येतो. पॉपची ॲल्युमिनियमची मासेमारीची होडी त्याने उन्हाळ्यापुरती नेली, ती पुढच्या वर्षी आणतो. ती होडी परत यावी, एवढी सूचना मी या कलमात करून ठेवतो. ती मागणी नाही. आमच्या संघाला प्लेऑफ मिळावा असे आपण म्हणतो, त्या जातीचे ते वाक्य आहे.

पॉपनी मासा खाताखाता विचारले, “पाळी कोणाची?”

“रेची, पॉप.”

“त्याला सांगा, गार्ड घे.”

रेने अखेर हत्यारांची पेटी मागितली. पाने, करवत, रंधा, लोखंडी शिकंजा, सगळे तिच्यात आले.

“ती माझी आहे,” पॉप अगदी स्पष्ट म्हणाले. “मी अजून जेवतोय.”

पेटी यादीतून काढली. रेने मग माझा टीव्ही घेतला. जिनीबाईंनी बर्फ उडवण्याचे यंत्र घेतले. गसने मैदानातल्या आमच्या दोन खुर्च्या घेतल्या, खांबाआडच्या. डाव्या बाजूचा खेळ तिथून दिसत नाही, म्हणजे निम्मा मनस्ताप वाचतो. रूने बिडाचा तवा घेतला. मी म्हटले, “अगं, माझे कोश घे, ते दुर्मीळ आहेत.” ती म्हणाली, “बाबा, तू आयुष्यभर लिहिलंस की गरज बघून घ्यावं. मला तव्याची गरज आहे.”

माझेच लेख माझ्या अंगावर आले, हे इथे नमूद करतो. कोश जिल्हा ग्रंथालयाला जावेत. ते घेतील की नाही, शंका आहे.

मग रे म्हणाला, “आणि पॉप?”

पॉप तेव्हा हात धुवायला गेले होते. रेच पुढे बोलला.

“ट्रिक, हे बघ, तुला काही होणार नाहीये. पण झालंच, तर इथे माझ्याजवळ एक चांगली जागा आहे. त्यांच्यासारख्यांसाठीच. समोर तळं आहे. बुधवारी गाणंबजावणं असतं.”

“तिकडच्या तळ्यात मगरी असतात,” जिनीबाई म्हणाल्या.

“एकच आहे. आणि तीही म्हातारी आहे.”

“मी येईन,” रू म्हणाली.

“तू यायचं नाहीस,” मी म्हणालो.

“का?”

मी उत्तर देणार तेवढ्यात पडद्यावर आमचे नाव झळकले. खानावळ उठून उभी राहिली. तिसरी फेरी, गार्ड अजून तिघे शिल्लक होते, तिघेही चांगले. आणि पंटर जाहीर झाला. पुढची काही मिनिटे गसकडे जी भाषा वापरली गेली ती रूच्या प्रतीत मी उतरवणार नाही. पॉप हात पुसत परत आले.

“कोणाला घेतलं?”

“पंटर, पॉप,” गस म्हणाला.

पॉप बसले. त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग बराच वेळ माझ्याकडे.

“पंटर कशाला?” ते म्हणाले. “आपल्याकडे आहे की एक.”

सगळे हसले. रेचा प्रश्न तिथेच राहिला. फोन बंद झाला, पाव आला, लोक टर्नक्विस्टवर तुटून पडले. प्रश्न इतक्या लांब जाऊन पडला, की त्या संध्याकाळी तो पुन्हा कोणाच्या हाती लागला नाही.

कलम चौथे: टर्नक्विस्टसाहेबांस

यांस मी काही देत नाही. माझ्या कात्रणांची खोकी त्यांच्या कचेरीत पाठवावी, असे आधी लिहिले होते. ते काढून टाकतो. वाचून त्यांच्यात सुधारणा झाली तर जिनीबाईंचे सगळे अंदाज चुकतील, आणि या वयात त्यांना तो त्रास नको.

कलम पाचवे: सकाळ

मी जे देतो आहे त्यात ही सर्वांत अवघड वस्तू आहे. वकीलबाई म्हणतात, ही वस्तूच नाही.

पॉप उजाडताच उठतात. अंडी दोन, दोन्हीकडून भाजलेली, शेजारी क्लोबासाच्या चकत्या. सासूबाई तो सॉसेज ईस्टरला घरी करीत. आता कसायाकडचा चालतो, पण कसायाकडचा आहे हे सांगू नये. कॉफी जाड निळ्या मगातच. ते खुर्चीत बसतात आणि विचारतात, “कोणाला घेतलं?” एप्रिल असो की डिसेंबर, हाच प्रश्न. त्यावर त्याच क्षणी, वळूनही न पाहता सांगायचे, “गार्ड घेतला, पॉप.”

एवढ्याने भागत नाही. पॉप शाळेत असताना स्वतः डावा गार्ड होते. ते खोदून विचारतात.

“कुठल्या कॉलेजचा?”

“आयोवाचा. शेतावरचा पोरगा.”

“उंची?”

“दार वाकून ओलांडतो.”

“खोट काय आहे त्याच्यात?”

खोट हवीच. निर्दोष खेळाडूवर पॉपचा विश्वास नाही. तसा सांगितला की ते संशयाने बघतात. हात आखूड आहेत म्हणावे. मग ते म्हणतात, “हात आखूड चालतील, पाय कसे आहेत?” आणि पायांवर एकदा गाडी आली की ती अंडी संपेपर्यंत चालते. मग खिडकी, मग फेरीबोट, मग दिवस सुरू. दुसऱ्या दिवशी नवा गार्ड लागतो. कालचा त्यांच्या लक्षात नसतो, पण शिळेपणा त्यांना कळतो, कसा ते मला सांगता येत नाही. मी रोज सकाळी एक घडवतो. माझ्या उभ्या लेखनात इतके काळजीपूर्वक मी दुसरे काही लिहिलेले नाही.

हे काम कोण करील, याचा मी महाव्यवस्थापकाच्या जागी बसून विचार केला. बाकावर कोण कोण आहे ते पाहिले.

जिनीबाई शेजारीच आहेत, सकाळी उठतात, खेळ जाणतात. त्यांना मी विचारले.

“अंडी करीन,” त्या म्हणाल्या. “कॉफी करीन. त्यांना आंघोळीला पाठवीन. पण गार्ड घेतला असं म्हणणार नाही. घेतलेला नाही. अख्ख्या गावाला माहीत आहे.”

“जिनीबाई, एक वाक्य आहे फक्त.”

“मी सबंध नोकरीत पोरांना एकही पुस्तक चुकीच्या फळीवर ठेवू दिलं नाही, ट्रिक. आता या वयात मला ते शिकवू नकोस.”

गस म्हणेल ते बोलायला तयार आहे, खोटे तर विशेष आनंदाने. पण खानावळ बंद करून झोपलेला माणूस उजाडताना उठत नाही. रे खरे सांगेल. त्याच्या सल्लागारबाईंनी त्याला सांगितले आहे की जवळच्या माणसांशी नेहमी खरे बोलावे. दोन घटस्फोटांनंतरही त्याचा त्या बाईंवरचा विश्वास उडालेला नाही.

राहिली रू. गेल्या थँक्सगिव्हिंगला ती आली असताना तिने एक सकाळ सांभाळली. “गार्ड घेतला, आजोबा,” म्हणाली. पॉपनी विचारले, “कुठला?” ती अडखळली. तिला खोटा पूल उभारता येत नाही, मग खोटा गार्ड कुठून येणार. पुढे जे झाले ते झाले. पण ती शिकेल. रू काहीही शिकते.

आणि तिथेच माझी पंचाईत आहे. वर्षानुवर्षे मी छापून सांगत आलो की बाजारात सर्वोत्तम कोण आहे ते पाहू नये, आपल्याला गरज कशाची आहे ते पाहावे. भोक असेल तिथे माणूस उभा करावा. आज माझ्या घरात भोक आहे आणि उपलब्ध असलेल्यांत सर्वोत्तम माझी मुलगी आहे. नियम माझाच लावला तर मी तिला मिनियापोलिसहून बोलवावे, तिचा अर्धा झालेला पूल दुसऱ्याच्या हवाली करायला लावावे आणि स्वयंपाकघरात गार्ड म्हणून उभे करावे. दुसऱ्या कोणा महाव्यवस्थापकाने असे केले असते तर मी त्याला पहिल्या पानावर सोलून काढले असते.

हे मी तिला शुक्रवारी रात्री फोनवर सांगितले. ती म्हणाली, “बाबा, तू मला निवडायचं की नाही, हा तुझा प्रश्न. मी करारावर सही करायची की नाही, हा माझा. तू माझी सही करू नकोस.”

“सही नको करूस, एवढंच माझं म्हणणं आहे.”

“ते म्हणणं झालं. कलम नाही.”

ती माझ्याकडून शिकली आहे, हे उघड आहे. सबब या कलमात मी कोणाचेही नाव घालत नाही. जागा रिकामी ठेवतो. निवडीत पाळी येऊनही कोणाला न घेतले तर ‘सोडली’ असे लिहितात. मी सोडलेली नाही. मला ठरवता आलेले नाही.

कलम सहावे: माझे स्वतःचे

दहन करावे. राख डेनीसजवळ ठेवावी. पोवाडे गाऊ नयेत. इकडे कोणी गाणार नाही, पण रेचा भरवसा नाही, तो बॅगपाइपवाला बोलावील. वर्तमानपत्रातली मृत्युवार्ता मी लिहून संपादकांकडे ठेवली आहे. तिच्यातली विशेषणे कापू नयेत. आयुष्यभर कापली, एकदा राहू द्यावीत.

कलम सातवे: साक्षीदारांमुळे झालेली फेररचना

आज रविवारी सह्यांसाठी सगळे माझ्या स्वयंपाकघरात बसलो असता वकीलबाईंनी सांगितले, की जो साक्षीदार असेल त्याला या मृत्युपत्राने काही घेता येत नाही.

“म्हणजे बर्फाचं यंत्र गेलं?” जिनीबाईंनी विचारले.

“एक तर यंत्र, नाही तर सही.”

त्यांनी थोडा विचार केला. “सही करते. यंत्र रूला जाऊ दे. ती इथे नसते, मी वापरीन.”

“आणि माझ्या खुर्च्या?” गस म्हणाला.

“रेला जातील.”

“रे पुढच्या वर्षी येईल म्हणे. तोवर मी बसतो.”

सबब यंत्र ऋजुताला व दोन खुर्च्या रेमंड हुदाक यांना देतो. पॉप खिडकीत बसून हे ऐकत होते. त्यांनी विचारले, हा कसला कागद. मी म्हटले, नव्या हंगामाची तयारी. ते म्हणाले, “गार्डचं घातलंस ना त्यात?” मी म्हटले, घातले आहे. ते खोटे नव्हते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, व तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र केलेले नाही; तेव्हा वाटण्यासारखे काही नव्हते आणि डेनीस होती.

स्थळ: पोर्ट ऑगस्टा, ओहायो
दिनांक: २७ एप्रिल २०२५, रविवार

(सही) त्रिविक्रम शंकर आठल्ये

आम्ही दोघांनी एकमेकांच्या व लिहिणाऱ्याच्या समक्ष सह्या केल्या. लिहिणारा शुद्धीवर होता.

(सही) व्हर्जिनिया ॲन कोवाच
(सही) कॉन्स्टंटाइन पापास, शुद्धीच्या मुद्द्यावर आपले मत राखून

सहीखाली अर्धे पान उरले आहे. वकीलबाई म्हणतात, सहीच्या खाली लिहिलेल्याला कायद्यात काही किंमत नसते. म्हणून हे इथे लिहितो.

पॉपच्या सकाळी दोन प्रश्न असतात. कोणाला घेतलं, हा पहिला. दुसरा असा, की डेनीस उठली का.

ती गेली त्या हिवाळ्यात मी दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर देत असे. तसेच द्यावे असे सगळ्यांनी सांगितले होते. रोज सकाळी ते ती बातमी पहिल्यांदाच ऐकत. रोज मग हातातला मग खाली ठेवून भिंतीला धरून उभे राहत. एका सकाळी मी चुकून पहिल्याच प्रश्नाला लांबलचक उत्तर दिले, कोणी ओहायोचा गार्ड होता, गुडघा दुखावलेला; आणि त्या गुडघ्यावर बोलता बोलता दुसरा प्रश्न आलाच नाही. तेव्हापासून मी रोज एक गार्ड आणतो. फक्त रू आली होती त्या सकाळी तो प्रश्न आला, आणि तिने खरे सांगितले.

पंटरबद्दलची माझी तक्रार मागे घ्यावी की काय, याचा विचार करतो आहे. त्याचे काम मला वाटले होते तितके हलके नाही.

मंगळवारपासून गस आमच्याकडे निजायला येईल, घड्याळाचा गजर लावून. मी त्याच्याकडून तीन गार्ड पाठ करून घेतले आहेत, खोटांसकट. चौथ्या सकाळचे मला माहीत नाही.

हृदयाची मला फारशी काळजी नाही. पॉप दुसरा प्रश्न विचारतील आणि त्या वेळी स्वयंपाकघरात एखादे खरे बोलणारे माणूस असेल, याची आहे.